पंचूमामा गावाला गेलेत

तंजावूरच्या आमच्या गल्लीत पंचूमामांच्या दाराशी उभं राहून कुणी हाक मारली, "पंचनदराव आहेत का?" की पंचूमामा स्वतः बाहेर येतात, धोतराचा सोगा सावरतात आणि सांगतात, "नाहीत. गावाला गेलेत."

एकदा नवा गॅसवाला आला. खांद्यावर टाकी, घामानं निथळलेला. त्यानं विचारलं, "मग तुम्ही कोण?"

मामा म्हणाले, "मी पंचनदराव."

त्या पोरानं टाकी खाली ठेवली, मामांकडं बघितलं, टाकीकडं बघितलं, आणि टाकी उचलून तसाच पुढं गेला. त्या आठवड्यात मामांची कॉफी आमच्याकडं झाली. वर आम्हालाच सांगत होते, "प्रवासात चूल पेटवत नाहीत गे."

आता हे नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा वेडा आहे. गल्लीतले निम्मे लोक तसंच म्हणतात, ते सोडा.

जुन्या लोकांत पस्ताना ठेवायची रीत होती. समजा प्रवासाला चांगली वेळ आज सकाळी आहे आणि गाडी आहे परवा. मग करायचं काय? तर चांगल्या वेळेला एका पिशवीत थोडे तांदूळ, हळकुंड, सुपारी, एक धुतलेलं धोतर घालायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडं ती पिशवी नेऊन ठेवायची. पिशवी निघाली म्हणजे माणूस निघाला. मागनं सावकाश जा, मुहूर्त साधलेला असतो. आता ही रीत कुणी पाळत नाही, मोबाइलवर तिकीट काढतात आणि पळतात. पंचूमामा मात्र पाळतात. एवढंच आहे की पिशवी निघते आणि मामा निघत नाहीत.

वर्षानुवर्षं असंच. मद्रासला जायचं ठरलं की पिशवी उत्तरेला टेलरकडं. कुंभकोणम् म्हटलं की पूर्वेला फुलवालीकडं. आणि रामेश्वर म्हटलं की दक्षिणेला, म्हणजे आमच्याकडं. पिशवी कुठल्या घरात आहे ते बघून गल्लीला कळतं मामा ह्या महिन्यात कुठं गेलेत. पिवळी कापडी पिशवी, लग्नात नारळ घालून देतात ना, तसली. आमच्या कोनाड्यात ती इतक्यांदा बसलीय की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, केर काढताना तिच्याशी बोलतात.

मामा आले की आधी तिची चौकशी. "बरी आहे ना?" असं विचारतात, जसं काही आत कुणी तापानं निजलंय.

आत्याबाई म्हणतात, "पंचू, अरे तुझी पिशवी पायी निघाली असती तर रामेश्वर करून येऊन काशीला लागली असती."

मामांना राग येत नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "निघालो म्हणजे पोचलोच." ते म्हणतात, कॉफीचा पेला खाली ठेवतात आणि पुढच्या वाड्याला कॉफीला जातात.

ईबी हाफिसात नोकरी झाली त्यांची, विजेची बिलं. लग्न झालं नाही. का, तर आत्याबाई म्हणतात मुहूर्त सापडला नाही, आणि हे त्या हसून म्हणतात का खरं म्हणतात ते मला अजून कळलेलं नाही.

मी ह्या घरात आले तेव्हा मला मामांचीही भीती वाटली होती. मला सगळ्याचीच वाटते. माझी शाळा आठवीपर्यंत, तीही तमिळ, त्यामुळं कागद दिसला की भीती. बस दिसली की भीती. आणि पोर झाल्यावर तर विचारू नका. तो शिंकला तर भीती, नाही शिंकला तर का शिंकत नाही म्हणून भीती. रात्री उठून त्याच्या नाकाशी बोट धरायची. आमचे हे म्हणायचे, "जानकी, त्याला श्वास घ्यायला जागा ठेव की."

पण एक भीती खरी होती, ती सांगते. माझ्या आईनं माझ्या पोराला बघितलं नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं, मी जायच्या तयारीत होते, आणि आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड गेलं. मग बाळंतपण इथंच झालं. आई तिकडं खाटेवर, मी इकडं खाटेवर. माझं माहेर पुदुक्कोट्टैच्या पलीकडं, आमच्यासारखं हिरवं नाही ते, नुसतं रान. वडील तिथं पोस्टात होते, तिथंच राहिले, तिथंच गेले. आता अण्णा, माझा भाऊ, आईला सांभाळतो. जायचं तर दोन बसा बदलायच्या आणि पुढं मिळेल ते. एकदा निघाले होते. जुन्या बसस्टँडवर पोर इतकं रडलं की निळं पडलं. मी बसमधून उतरले आणि ऑटोनं घरी. त्यानंतर हिंमत झाली नाही. ह्यांना रजा नाही, आणि आत्याबाई मला एकटीला सोडत नाहीत. खरं सांगायचं तर सोडलं असतं तरी मी गेले नसते.

सगळे म्हणायचे, फोनवर दिसतं की. दिसायचं. अण्णा फोन धरायचा, मी पोराला धरायची. आई दोन मिनिटं बघायची आणि म्हणायची, "बंद कर. फोनमधलं पोर हुंगता येतं काय?"

मग अण्णा एकदा हळूच म्हणाला, "जानू, आई आता कमी जेवते."

बस. तेवढंच म्हणाला. मला रात्रभर झोप नाही.

तेव्हाच ही गाडी आली. कोळशाच्या इंजिनाची जुनी गाडी, लाकडी बाकांचे डबे, हौशी लोकांसाठी थंडीच्या दिवसांत एक फेरी. तंजावूरहून सकाळी निघायचं, रानातनं जायचं, संध्याकाळी परत. बायकापोरं, कॅमेरेवाले, परदेशी लोक, असे कोणकोण चढतात. मामांचा एक भाचा त्या कामात होता, त्यानं मामांना दोन पास दिले. मामांनी लगेच पिशवी आमच्याकडं आणून ठेवली, आणि गल्लीत कळलं की मामा जुन्या गाडीनं गेले.

मी कॉफी गाळत होते. मामा भाच्याचं सांगणं सांगत होते, गाडी कुठंकुठं थांबते, इंजिनाला पाणी कुठं घालतात. आणि त्यांनी माझ्या माहेरच्या गावाचं नाव घेतलं.

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्या गावात आता एकही गाडी थांबत नाही, एक्सप्रेस शिट्टी मारून निघून जाते. पण जुनी दगडी टाकी आहे स्टेशनात, अजून पाणी धरते. ही गाडी तिथं थांबणार होती. पाणी भरायला, आणि लोकांच्या जेवणाला. तासभर.

मी म्हटलं, "मामा, मला न्या."

"कुठं?"

"त्या गाडीनं. तुमच्याकडं दोन पास आहेत."

मामा दचकले. "अगे, ते पस्तान्यासाठी आहेत. जायला नव्हेत."

आत्याबाई आतून हसल्या. मला हसू आलं नाही, मला रडू आलं, आणि एकदम सगळं बोलून गेले. आईचं हाड, पोराचं निळं पडणं, अण्णा म्हणाला ते. श्वास घ्यायलाही थांबले नाही. मी घरात इतकं मोठ्यानं कधी बोललेच नव्हते.

मामांनी पेला खाली ठेवला. "पोराला आजीनं बघितलंच नाही?"

"नाही."

ते उठले आणि गेले. पिशवीकडं बघितलं नाही, "बरी आहे ना" विचारलं नाही. मला वाटलं रागावले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दारात उभे. हातात हातरुमालाची एवढीशी पुरचुंडी. तांदूळ, हळकुंडाचा तुकडा, सुपारी. पोराच्या उशाशी ठेवली आणि म्हणाले, "ह्याचापण पस्ताना. आता परत फिरता येत नाही."

शेवटचं मला म्हणाले का स्वतःला, कोण जाणे.

तर गाडीत आम्ही असे बसलो. खिडकीशी मामा, मांडीवर पिशवी. शेजारी मी, मांडीवर पोर. दोन भित्री माणसं आणि एक पोर, ज्याला कशाचीच भीती नाही. इंजिनानं शिट्टी दिली तशी मामांनी माझा दंड धरला, मी खिडकीचा गज धरला, आणि पोर टाळ्या वाजवायला लागलं.

मामांना एका जागी बसवेना. उठायचे, दारापर्यंत जायचे, दाराला हात लावून परत यायचे. "गाडी सरळ जातेय ना?" मी म्हटलं, "मामा, रूळ आहेत की." "होय होय, रूळ आहेत," म्हणायचे, बसायचे, परत उठायचे. समोर मद्रासचं एक जोडपं होतं, त्यांना विचारलं, "घरनं कधी निघालात?" ते म्हणाले, "काल." "पस्ताना?" त्यांना वाटलं खायचं काहीतरी आहे. म्हणाले, "नको नको, आत्ताच इडली झाली."

मला त्या धुराची भीती. कोळशाची कणी डोळ्यात जाते म्हणून पोराच्या तोंडावर पदर धरला, मग पदरात गुदमरेल म्हणून काढला, मग परत धरला. पोर समजलं खेळ आहे. शेतं मागं गेली, कालवे गेले, नारळी गेल्या. जमीन तांबडी झाली. ताडाची झाडं, त्यांच्यात नुसती काटेरी बाभूळ, मधे कुठं कोळसा करायच्या भट्ट्यांचा धूर, कुठं सुकलेलं तळं आणि त्यात शेळ्या. गावाच्या वेशीवर राखणदार देव अय्यनारचे मातीचे घोडे, रंग उडालेले, रांगेनं उभे. माझं रान ते. मी अण्णाला फोन लावला.

"निघालास?"

"निघतोय निघतोय. कुट्टियानै आलीय." म्हणजे छोटा हत्ती, सामानाची ती चिमुकली गाडी. खाटेसकट आईला त्यात घालून स्टेशनात आणायचं ठरलं होतं. "तू ये, आम्ही असू." आणि फोन गेला. त्या रानात फोनला रेंज नाही, कधी नव्हतीच.

तेवढ्यात गाडी थांबली.

मी उठून उभी. बाहेर स्टेशन नाही, काही नाही, नुसतं रान. सगळे कॅमेरेवाले भराभर खाली उड्या मारतायत. म्हणे फोटो. म्हणे आता सगळ्यांनी उतरून त्या उंचवट्यावर उभं राहायचं, गाडी मागं जाणार, आणि मग धूर सोडत जोरात पुढं येणार, तेव्हा फोटो काढायचे.

"मागं जाणार?" मामांचा आवाजच फाटला. "निघालेली गाडी मागं जाणार?"

गाडी खरंच मागं गेली. मामा उंचवट्यावर उभे, छातीशी पिशवी धरून, आणि ओरडतायत, "गेली! आपली गाडी गेली! जानू, बघ, गेली!" परदेशी बाई त्यांना समजावतेय, कुणाला कुणाचं कळत नाही. मग गाडी धूर सोडत आली, सगळ्यांनी फोटो काढले, आणि कुणाच्या फोटोत मधेच एक मोर आला म्हणून कुणी म्हणालं, परत एकदा. आणि गाडी परत मागं गेली!

मामा मटकन खाली बसले. "ह्यांना शास्त्र आहे का नाही? एकदा निघालं की निघालं. मागं वळून बघतसुद्धा नाहीत, आणि हे सबंध गाडी नेतायत."

मला शास्त्राचं काही नव्हतं. ऊन डोक्यावर आलं होतं. मी बघत होते की लोक हसतायत, पाणी पितायत, कुणाला घाई नाही. त्यांचा तो वेळ खर्चायचाच होता. माझा नव्हता.

परत चढलो तेव्हा गाडीबरोबरचा साहेब डब्यात आला. गळ्यात पट्टा, हातात फोन. चांगला माणूस होता, घामाघूम झाला होता बिचारा. त्यानं सांगितलं, उशीर झालाय, मागनं एक्सप्रेस येतेय. पाण्याच्या थांब्याला कुणी जेवायला उतरू नका. टाकीतनं पाणी घेतलं की लगेच निघायचं, पुढच्या जंक्शनला जेवण.

मी म्हटलं, "साहेब, माझी आई..."

तो थांबला. ऐकलं. म्हणाला, "अम्मा, दहा मिनिटं मिळतील. आई आली असेल तर भेटून घ्या पटकन."

आई आली नव्हती.

आमचं स्टेशन म्हणजे एक फलाट, एक चिंच आणि ती टाकी. फलाटावर एक कुत्रं. मी पोराला घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळाले. कुणी नाही. फोन लागेना. इंजिनात पाणी पडायचा आवाज येत होता धो धो, आणि मला वाटत होतं ते पाणी माझ्या छातीत पडतंय. मग रानात बघितलं. लांब, खूप लांब, बाभळीच्या वर तांबडी धूळ उठली होती आणि त्या धुळीच्या पुढं एक पांढरा ठिपका. कुट्टियानै. हळूहळू येत होती, आत मोडक्या हाडाची बाई होती ना, जोरात कशी येणार?

"येतेय!" मी ओरडले. "ती बघा, येतेय!"

धो धो थांबलं. साहेबानं हात वर केला. इंजिनानं शिट्टी दिली.

आणि मग मी बघितलं, पंचूमामा गाडीतून उतरले. सावकाश. फलाटाच्या अगदी मधे आले, पिशवी खाली ठेवली, आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसले.

साहेब धावत आला. "अय्या, चढा चढा, निघतोय."

"मला येता येत नाही," मामा तमिळमधे म्हणाले.

"का? बरं वाटत नाही?"

"बरं आहे. पिशवी जमिनीला टेकली."

"मग उचला की!"

"असं कसं?" मामांनी त्याच्याकडं असं बघितलं, जसं बिलाची तारीख उलटल्यावर आलेल्या माणसाकडं बघावं. "हा पस्ताना आहे. आमच्या मराठी लोकांत वाटेत पस्ताना जमिनीला टेकला, तर त्याची सावली एक वीत सरकेपर्यंत उचलत नाहीत. उचलला तर बरोबरच्या सगळ्यांच्या प्रवासाला बाधा. मला माझी काळजी नाही. तुमच्या गाडीची आहे."

ते ऐकून डब्याच्या दारातली एक म्हातारी लगेच म्हणाली, "अय्यो, मग राहू दे, राहू दे. शास्त्र म्हणजे शास्त्र." दुसरी म्हणाली, "सावली काय, आत्ता सरकेल." इंजिनवाला वाकून बघायला लागला, त्याच्या पण गळ्यात दोरा होता. कॅमेरेवाले परत खाली उतरले, त्यांना मामांचा फोटो पाहिजे होता. परदेशी बाई गुडघ्यावर बसून पिशवीच्या सावलीचा फोटो घेत होती.

साहेब हात जोडत होता. "अय्या, एक्सप्रेसची वेळ झाली. तुम्हाला एकट्याला ह्या रानात सोडून मी जाऊ शकत नाही, माझी नोकरी जाईल."

"मग थांबा," मामा म्हणाले. "मला घाई नाही."

मी लांबून बघत होते. आता ऐका. ही पिशवी आमच्या घरात वर्षानुवर्षं आलीय. कोनाड्यात, खाटेखाली, फरशीवर, एकदा तर पोरानं ओढून अंगणात नेली. पस्तान्याचे नियम मामांनी मला इतक्यांदा ऐकवलेत की मी झोपेत म्हणून दाखवीन. सावली वीतभर सरकायचा नियम त्यात नाही. कुठंच नाही. ज्या माणसानं शास्त्रासाठी गॅसची टाकी परत घालवली, तो माणूस इतक्या लोकांच्या मधे उन्हात बसून शास्त्राच्या नावानं धडधडीत खोटं बोलत होता. आणि माझ्याकडं बघत नव्हता.

साहेबाचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, कपाळावर हात मारला. "झालं! एक्सप्रेसला आधी सोडणार. आता ती जाईपर्यंत आपण इथंच."

मामांनी मान हलवली. "सावली सरकतेय," म्हणाले.

कुट्टियानै फलाटाच्या उताराला येऊन लागली. अण्णा घामानं, धुळीनं माखलेला. मागं खाट, खाटेवर आई. किती बारीक झालेली. मी पोराला तिच्या कुशीत ठेवलं.

आईनं काय केलं? रडली नाही. त्याचं डोकं हुंगलं. मान हुंगली. पायाचे तळवे उलटे करून बघितले, कानामागं बघितलं, काखेत बोट घातलं. मग माझ्यावर ओरडली, "बरगड्या मोजता येतायत की गे. काय घालतेस ह्याला? आणि काजळ कुठाय? इतक्या लोकांतनं आणलंस आणि काजळ नाही?" पोर रडायला लागलं. मग त्याला तिची चमकी दिसली. रडता रडता हात घातला आणि नाकातनं ओढली. "अय्यो!" आई ओरडली आणि हसली. खूप हसली. अण्णा तोंड फिरवून चिंचेकडं गेला.

एक्सप्रेस आली, धूळ उडवत गेली. आईनं आमच्या डब्यातला दहीभात खाल्ला. एका हातानं पोर धरून, दुसऱ्या हातानं. सगळा खाल्ला, वर सांडगी मिरची मागितली.

परतीच्या वाटेवर डब्यात मामांना सगळे बोलत होते. जंक्शनला जेवायला इतका उशीर झाला होता की भात निवलेला होता. मद्रासचा माणूस म्हणाला, "काय ह्या अंधश्रद्धा." साहेब येऊन म्हणाला, "अय्या, पुढच्या वेळी पिशवी बॅगेत घाला, हात जोडतो." पोरं सावलीवर वीत मोजायची नक्कल करून हसत होती. मामा खिडकीतून बघत बसले होते. उठले नाहीत, दाराशी गेले नाहीत.

लोक जरा गप्प झाले, कुणी झोपले. मी मराठीत हळूच विचारलं, "मामा, सावलीचा नियम कुठं आहे?"

बाहेर ताड जात होते एकामागनं एक.

"नाही," म्हणाले.

मग खिडकीकडंच बघत, "मला पहिली नोकरी लागली तेव्हा आई स्टेशनात यायला निघाली होती. शेजारची बैलगाडी घेऊन. मी गाडीच्या दारात उभा होतो. लांब रस्त्यावर दिसत होती मला, बैलगाडी. आतून हात हलवत होती." त्यांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला. "आमची गाडी वेळेवर सुटली, जानू. परत मी आलो तेव्हा ती नव्हती."

पोर पेंगत होतं, मी उचललं आणि मामांच्या मांडीवर दिलं. त्यांनी आधी हात वर केले, कधी पोर घेतलेलं नव्हतं ना त्यांनी, पाडीन म्हणाले. पण पोर आपोआप त्यांच्या पोटाशी वळलं आणि निजलं.

मग शेतं आली, कालवे आले, नारळी आल्या. दिवेलागण झाली. तंजावूर आलं, लोक सामान काढायला लागले, डबा रिकामा झाला. मामा तसेच बसलेले, पाठ ताठ, पाय आखडलेला दिसत होता, तरी हलवला नव्हता.

मी म्हटलं, "मामा, पोचलो. उठा."

"हळू बोल," ते म्हणाले. "निजलाय. थोडं थांबू. ही गाडी आता कुठं जात नाही."